काळा दगड, ओला दगड

कधीच न पुसल्या जाणाऱ्या गोष्टीला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. लाव्हाच्या खडकातली घळ बघितली, की हा वाक्प्रचार कुणीतरी कोरड्या माळावर बसून केला असावा अशी शंका येते. घळीत पाणी काळ्या दगडावर रेघा मारतं आणि पुसतंही. त्याला फक्त घाई नसते.

बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या दगडाच्या मुलखात चालताना दगडाकडे बघायची सवय लागली, की पुढची निम्मी वाट आधीच कळते. इथला लाव्हा एका दमात आलेला नसतो, तो थरावर थर असा साचलेला असतो. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवलेला, म्हणून घट्ट. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा, म्हणून लवकर झिजणारा. दोन थरांमध्ये बराच काळ गेला असेल तर मध्ये विटेच्या रंगाचा लाल, भुसभुशीत पट्टा दिसतो. घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग झिजून पायाखाली पदर देतो. डोंगर जिन्यासारखा दिसतो तो यामुळे. दख्खनच्या या लाव्हाथरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या घळीतला त्याहून कितीतरी तरुण. पण पायाला दोन्हीकडे एकच लय सापडते : कडा, पदर, कडा, पदर.

धबधबाही याच हिशोबाने पडतो. ओढा घट्ट थराच्या काठावरून उडी घेतो. खालचा मऊ थर तुषारांनी आणि ओलीने पोखरला जातो आणि पडद्यामागे कपार तयार होते. तिथे उभं राहून पाण्याच्या आतल्या बाजूने जंगल बघण्यात मजा आहे, नाही असं नाही. मात्र आत शिरण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात, जमीन आणि छत. जमिनीवर पडलेल्या दगडांवर शेवाळ चढलेलं असेल तर ते जुने. तुटलेली बाजू स्वच्छ, करडी आणि कडा धारदार असतील तर ते अलीकडेच वरून आलेले. छतात खांबासारखे कोनाकोनांचे तुकडे दिसत असतील तर आणखी सावध. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब होतात. दोन खांबांमधली फट ही तयार चीरच असते. खालचा आधार गेला की खांब फक्त शेजाऱ्याच्या भरवशावर लटकत राहतो. १९९५ साली ओरेगनमधल्या मल्टनोमा धबधब्यात बसएवढा दगड कड्यावरून सुटून डोहात पडला आणि उसळलेल्या पाण्याने आणि खड्यांनी लोक जखमी झाले. एवढा मोठा दगड लागतोच असंही नाही. ५० मीटरवरून सुटलेला मुठीएवढा धोंडा साधारण सव्वातीन सेकंदांत खाली येतो, तोही ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने. पाण्याच्या आवाजात ‘दगड!’ ही हाक ऐकू येत नाही. म्हणून धारेच्या बरोबर खाली डोकं धरून ‘नैसर्गिक शॉवर’ घेणाऱ्यांचं कौतुक करवत नाही.

आता पाय. ओला बेसॉल्ट सरसकट निसरडा नसतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटत नाही. बुडबुड्यांच्या भोकांचा खडबडीत दगड भिजला तरी बूट धरून ठेवतो. फसवतो तो पाण्याने घासून गुळगुळीत झालेला घट्ट दगड, आणि त्यावर काळसर-हिरवी तकाकी असेल तर बघायलाच नको. त्या तकाकीवर पाय ठेवावाच लागला तर टाच नाही, सगळा तळवा. वजन सरळ खाली, पाऊल छोटं, आणि पुढचा पाय बसल्याशिवाय मागचा उचलायचा नाही. लांब टांग टाकली की वजन तिरकं पडतं आणि बूट तिथेच सुटतो. दगडावरून दगडावर उड्या मारणं कोरड्या ओढ्यात शोभतं. पानगळीनंतर तर तेही नको, कारण ओल्या पानांच्या थराखाली नेमकी फट असते. साल गेलेलं ओलं खोड ओढ्यावर आडवं पडलेलं असेल, तर त्यावरून तोल सांभाळत चालण्यापेक्षा घोड्यावर बसल्यासारखं बसून सरकावं. दिसायला हास्यास्पद दिसतं, दिसू द्या. उतारावर आधाराला झाड धरायचं तर बुंध्याशी. घळीतली झाडं उजेडासाठी उंच आणि बारीक वाढलेली असतात, फांदी हातात येते.

ओढा ओलांडायला अरुंद जागा मोहात पाडते, पण पाणी तिथेच खोल आणि जोरात असतं. रुंद, उथळ पट्टा शोधावा. धबधब्याच्या लगेच वर तर कधीच नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर ती अंगावेगळी करता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, आणि एका वेळी एकच आधार हलवायचा. बूट पायातच. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर परत फिरावं.

सगळ्यात मोठी फसवणूक आकाशाची. घळीतून वर पाहिलं तर दिसते निळी पट्टी, आणि पाऊस मात्र चार-पाच किलोमीटर वरच्या पठारावर पडत असतो. पातळ माती, खाली कातळ. पाणी मुरणार कुठे? ते थेट ओढ्यात येतं. आधी पाणी गढूळ होतं, मग पानं-काटक्या वाहत येतात, मग आवाज बदलतो, खळखळीला खालून घरघर जोडली जाते. तिसऱ्या खुणेची वाट बघू नये. पाण्यापुढे धावण्यात अर्थ नाही, बाजूच्या पदरावर चढावं. म्हणूनच चालताना ‘इथून वर कुठे जाता येईल’ हे मनात चालू हवं. पुढे १०० मीटर दोन्ही बाजूंनी सरळ भिंती असतील तर आत शिरण्यापूर्वीच पाण्याचा रंग बघायचा.

वेळेचा अंदाज नकाशावरच्या अंतरावरून बांधला की घोळ होतो. सपाट रस्त्यावर तासाला चार किलोमीटर चालणारा माणूस धोंड्यांनी भरलेल्या घळीत तासाला एक किलोमीटर गेला तरी बरं. शिवाय तिथे संध्याकाळ आधी होते, आणि भिंतींवर आपटून आलेल्या सिग्नलमुळे मोबाइलवरचा निळा ठिपका कधी कड्यावर तर कधी पलीकडच्या जंगलात दिसतो. परतायची वेळ निघतानाच ठरवावी. आणि एक कडक नियम : जिथून परत चढता येणार नाही अशी उडी किंवा घसरण पुढची पूर्ण वाट माहीत असल्याशिवाय घ्यायची नाही. दोराने उतरून दोर ओढून घेतला, की मागची वाट बंद. पुढच्या टप्प्याला तो दोर पुरणार नसेल, तर मग माणूस दोन धबधब्यांच्या मध्ये अडकतो.

बुटांची तपासणी आदल्या आठवड्यात करावी. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या बुटाचा मधला फोम हवेतल्या ओलीनेच आतून कुजतो. वरून नवा दिसतो आणि पहिल्या ओढ्यात तळ उघडतो. दोन्ही हातांनी तळ वाकवून बघायचा, कडेला चिरा दिसल्या तर तो बूट बाद. परतल्यावर आतला तळवा काढून, कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवले की चिकटवलेली जागा सुटते. बोळे दोन-तीनदा बदलावे लागतात. तळाच्या खाचांत अडकलेली लाल माती सुकली की काडीने टोकरून काढावी. तो दोन थरांमधला पट्टा असतो, थोडासा घरी आलेला.