महारेरा नोंदणी आणि सत्तर टक्क्यांचे खाते : माझा अनुभव

कोल्हापुरात आम्ही दोघे भाऊ वडिलांच्या काळापासून बंगल्यांची कामे ठेक्याने करत आलो. स्वतःच्या जबाबदारीवर सदनिका बांधून विकण्याचा पहिला प्रकल्प आम्ही २०२२ मध्ये जागामालकाशी विकसन करार करून हाती घेतला. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठहून अधिक असल्याने, स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी झाल्याखेरीज आम्हाला साधा फलकही लावता येणार नव्हता.

मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, वकिलांचा हक्क तपासणी अहवाल आणि करारनाम्याचा मसुदा ही कागदपत्रे जमवून संकेतस्थळावर चढवणे हे चिकाटीचे असले तरी अवघड काम नव्हते. जागामालकाला त्याच्या हिश्श्यापोटी सदनिका मिळणार असल्याने त्याचेही नाव प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला कायद्याने जबाबदार असणारा, म्हणून दाखवावे लागले आणि त्याची समजूत काढण्यात काही वेळ गेला, एवढेच.

खरी चर्चा झाली ती प्रतिज्ञापत्रात लिहायच्या पूर्णत्वाच्या तारखेवर. लवकरची तारीख दिसली की ग्राहक लवकर येतो, हे भावाचे म्हणणे खोटे नव्हते; परंतु ती तारीख टळल्यास ग्राहकाला द्यावे लागणारे व्याज स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वाधिक पायाभूत दराहून (एमसीएलआर) दोन टक्के अधिक असते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाया खणणे म्हणजे पंपाने पाणी उपसत बसणे, आणि सणासुदीला सेंट्रिंगची टोळी गावी गेली की ती कधी परतेल हे मुकादमालाही सांगता येत नाही. हे दिवस वजा करून जी तारीख निघाली, तीच आम्ही लिहिली.

नोंदणीनंतर आमच्या कामाची पद्धत बदलली ती मात्र स्वतंत्र बँक खात्यामुळे. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के या खात्यात जमा करावे लागतात आणि ते फक्त जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी, झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढता येतात. त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांची प्रमाणपत्रे लागतात. आम्ही जमीन रोखीने घेतलेली नसल्याने किती रक्कम निघेल हे जवळजवळ सर्वस्वी बांधकामावर ठरत होते. जोत्याचे काम चालू असताना भाव उतरला म्हणून आम्ही वरच्या मजल्यांसाठीही सळई एकदम घेऊन ताडपत्रीखाली रचली होती. पैसे काढण्याची वेळ आली तेव्हा अभियंत्याने ताडपत्री उचलून पाहिली, पुन्हा टाकली आणि म्हणाला, “दादा, ही अजून इमारतीत गेलेली नाही, मी धरणार नाही.” त्यानंतर सळई स्लॅबगणिक मागवणे आणि दुकानदाराशी उधारीची मुदत त्यानुसार ठरवणे सुरू झाले, त्यात थोडा भाव जास्त पडतो, पण गुंतलेले भांडवल कमी होते.

आदर्श करारनाम्यातील हप्ते पाहिले की या खात्याचे प्रयोजन कळते. करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर एकूण ४५ आणि सर्व स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे सांगाडा उभा राहीपर्यंत बहुतेक पैसा येऊन जातो. फरशी, खिडक्या, नळकाम, लिफ्ट यांच्या वेळी मात्र हप्ते बारीक आणि देणी अनेक. पूर्वी आमच्या धंद्यात कितीतरी जण या पहिल्या पैशातून पुढच्या भूखंडाचा इसार देत, मग अर्धवट इमारतीला प्लास्टरसाठी पैसे उरत नसत. आम्ही फरशीच्या टप्प्यावर आलो तेव्हा खात्यात पुरेशी शिल्लक होती आणि लिफ्टची आगाऊ रक्कम भरताना कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दर तिमाहीला कामाची माहिती संकेतस्थळावर भरण्यासाठी एक माणूस ठेवावा लागला, तिघांच्या प्रमाणपत्रांचे शुल्क वेगळे, आणि आमच्यासारख्या लहान व्यावसायिकाचा वाढीचा वेग निश्चितच मंदावला. पुढच्या भूखंडाचा इसार आम्ही दोघांनी घरच्या ठेवी मोडून दिला.