जेकार्डचे पत्ते आणि कॉम्प्युटरचा वर्ग

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांची गर्दी सुरू होते. सोलापुरात निवृत्तांसाठी चालणाऱ्या एका शिक्षण केंद्राची मी समन्वयक आहे. वर्षभर वर्ग, व्याख्यानं, सहली चालतात. नोव्हेंबरात मात्र पुढच्या खोलीत दोन टेबलं मांडून आम्ही पेन्शनवाल्यांचे जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचे डिजिटल दाखले काढून देतो, सभासद असो वा नसो. ईपीएफच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांना खरं तर नोव्हेंबरच हवा असं नाही. त्यांचा दाखला वर्षात कधीही काढता येतो आणि काढल्या तारखेपासून वर्षभर चालतो. पण हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून तेही धास्तावून याच महिन्यात येतात.

या कामातली खरी अडचण अंगठ्याची असते. आमच्या गावात निम्मी म्हातारी माणसं मागावर नाहीतर विड्या वळण्यात आयुष्य घालवलेली. बोटांच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवा, ओला करून ठेवा, दुसरं बोट ठेवा, पुन्हा लालच. २०२१पासून चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय झाली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण त्यालाही उजेड नीट लागतो. तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. आमच्या पुढच्या खोलीत उजेड कमी. म्हणून चेहऱ्यावाल्या माणसांना मी आतल्या मोठ्या खोलीत पूर्वेच्या खिडकीसमोर बसवते, तिथे वर्ग चालू असला तरी. वर्गातले लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

तो गुरुवार होता. आत 'कॉम्प्युटरची ओळख' हा वर्ग चालू होता. शिकवायला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा येतो. समोर पंधरा-वीस माणसं: निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले, महावितरणमधले, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. मुलगा सांगत होता की कॉम्प्युटरला शून्य आणि एक या दोनच गोष्टी कळतात, बाकी सगळं त्यातूनच होतं. दर तुकडीला इथे गाडी अडते. दोनच गोष्टींमधून फोटो कसा होईल, अक्षर कसं होईल? मुख्याध्यापक सर तर चिडलेच, "म्हणजे काय ते नीट सांग. वाक्य पाठ करून सांगू नकोस."

खिडकीपाशी मी एका मामांना बसवलं होतं. सत्तरी ओलांडलेले, साखर पेठेतले, घरात तेलुगू आणि बाहेर आपलं सोलापुरी मराठी. अंगठा तिन्ही वेळा नापास झाला होता. चेहऱ्यासाठी मी फोन धरला होता आणि नेटवर्क गोल गोल फिरत होतं. मामा एकदम म्हणाले, "मॅडम, हे पोरगं सांगूलालंय ते आमच्या पत्त्याचंच की."

मी म्हटलं, कसला पत्ता?

"जेकार्डचा. मागावर नक्षी उठवणारं यंत्र असतंय ते."

आणि उठले. फोनवर तेवढ्यात चेहरा मागितला गेला, मी "मामा, मामा" करत राहिले, पण ते फळ्यापर्यंत पोचले होते. मुलाला म्हणाले, "तुझं थांबवूलालोय असं नाही. पाच मिनिटं." त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. त्याने खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसला. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मोठ्या वक्त्यांना हे जमलं नसतं.

मामांनी फळ्यावर चौकटी आखल्या, हातानेच, पण सरळ. उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. चौकटी भरत भरत एक छोटं फूल काढलं. मग टेबलावरची जुनी लग्नपत्रिका उचलली आणि पेन्सिलीच्या टोकाने तिला भोकं पाडली, फुलाच्या एका आडव्या ओळीत जिथे जिथे भरलेली चौकट होती तिथे तिथे. "ही एक ओळ, हा एक पत्ता. पत्ता सुयांसमोर येतो. भोक असलं की सुई आत जाते, तिचा हुक सुरीवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या पट्टीवर राहतो, सुरी वर गेली की धागा वर. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच. धागा वर नाहीतर खाली. तिसरं काही नाही. असे पत्ते दोऱ्यानं ओवून माळ करायची, एकामागं एक फिरत राहतात. मागाला मोर माहीत नाही, कमळ माहीत नाही. त्याला फक्त भोक हाय का नाही तेवढंच कळतं. मोर तुम्हाला दिसतो."

खोलीत सगळे गप्प झाले. मग त्यांनी खांद्यावरची चादर काढली. सकाळी गार असतं म्हणून घेऊन आले होते, आपली नेहमीचीच, लालवर पांढरी नक्षी. ती टेबलावर पसरली आणि उलटली. मागच्या बाजूला पांढऱ्यावर लाल. "इकडं जो धागा वर, तो तिकडं खाली. म्हणून दोन्ही बाजू वापरता येतात." मी जन्मापासून सोलापूरची. घरात या चादरी किती आल्या-गेल्या. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगते. पण उलट बाजूचे रंग का बदलतात हे मला त्या दिवशी कळलं.

रेल्वेच्या बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या ऑफिसातही असली भोकांची कार्डं होती. आम्ही गठ्ठे मोजून पाठवायचो. भोकाचा अर्थ कुणी सांगितलाच नाही."

तेव्हा मुलाला आपला धागा सापडला. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात जोसेफ मारी जाकारने १८०४ साली हे यंत्र केलं, त्याचीच भोकांची कार्डं पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी योजली, आणि अमेरिकेत १८९०ची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली, हे सगळं त्याने ओघात सांगितलं. मला विचाराल तर त्याने ते पहिल्या तासालाच सांगायला हवं होतं, आणि ते त्याच्या अभ्यासक्रमात का नाही, हा प्रश्न त्याच्या कॉलेजला विचारायला हवा. मुलगा सोलापूरचाच. त्याचे आजोबा मागावर होते.

मामांनी मग त्याला विचारलं, "एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक येते. आम्ही चुकलेल्या भोकावर कागद चिकटवायचो. तुमच्यात कुठं चिकटवता?" मुलाने पडद्यावर बेरजेचं एक सूत्र मुद्दाम चुकवून दाखवलं. खालच्या सगळ्या ओळी चुकल्या. सूत्र सुधारलं, सगळ्या ओळी सुधारल्या. मामांनी मान हलवली. "बरोबर. मूळ पत्ताच दुरुस्त करायचा."

हे गृहस्थ पत्ते पाडणारे कारागीर होते. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका चादर कारखान्यात. तिथे पीएफ कापला जायचा, म्हणून आज पेन्शन तरी आहे. ती किती, हे विचारू नये. २०१४पासून किमान पेन्शन १००० रुपये ठरलेली आहे, आणि यांची त्याच्या फार वर नाही. पुढे कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, पत्त्याची गरजच उरली नाही, आणि यांची नोकरी गेली. आता ते अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला वॉचमन आहेत.

दाखला निघाला. मेसेज आला, मी प्रमाण क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. मामांनी तो खिशात ठेवला आणि विचारलं, "ह्या पोराचा पुढचा तास कधी? माझ्या जागेवर जे आलं ते आत काय करतंय, मला बघायचंय."

माझं डोकं तेव्हापासून इथेच अडकलंय.

आमचं तिमाही कार्यक्रमपत्रक मी करते. तारखा टाकल्या की झालं, असं लोकांना वाटतं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक तक्ता आहे, कुठल्या पेठेत कुठल्या दिवशी नळाला पाणी येतं त्याचा. आमच्या गावात पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी बायका घराबाहेर पडत नाहीत. दोन पेठांचं पाणी एकाच दिवशी असलं की त्या दिवशी भजनाचा वर्ग लावायचा नाही. व्याख्यान चाळीस मिनिटांवर नेत नाही, निम्म्यांना मधुमेह आहे. हाताच्या खुर्च्या पुढे, बिनहाताच्या मागे. पत्रकातलं अक्षर मोठं, पांढऱ्यावर काळं. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं टाकणाऱ्या छापखान्याशी माझं दरवेळी वाजतं, कारण मोतीबिंदू झालेल्या माणसाला ती अक्षरं दिसतच नाहीत. मार्चच्या मध्यापासून सगळं सकाळी, दुपारच्या उन्हात कुणाला बोलावणं हा गुन्हा आहे.

येत्या जानेवारी ते मार्चचं पत्रक तसं छान जमलंय. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. आमचे सभासद दरवर्षी पुतळ्यांपाशी जातात, या वर्षी तिथेच १९३०मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉच्या दिवसांवर बोलणंही होईल. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत काहीच ठेवलेलं नाही, नंदीध्वजांची मिरवणूक सोडून आमच्याकडे कोण येणार? महिनाअखेरीला हुरडा आणि नान्नज अभयारण्य. माळढोक पक्षी दिसेलच अशी खात्री मी कुणाला देत नाही, काळवीट बहुधा दिसतात. फेब्रुवारीत मृत्युपत्रावर वकिलांचा तास. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही, एवढं जरी घरोघर पोचलं तरी पुष्कळ भांडणं वाचतील. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मी प्रत्येक पानाच्या तळाशी टाकते.

मार्चच्या मध्यापर्यंत हे सगळं अकरा ते पाच या वेळेत. मामांची पाळी सकाळी सातला सुटते. आठपर्यंत ते गावात पोचतात, दहाला झोपतात, संध्याकाळी पुन्हा कामावर. अकरा ते पाच त्यांची रात्र असते.

मी कार्यकारिणीपुढे विषय ठेवला. शनिवारी सकाळी आठ ते साडेनऊ असा वर्ग: पहिला अर्धा तास मामा ग्राफवर नक्षी काढायला आणि पत्ता पाडायला शिकवतील, पुढचा वेळ तो मुलगा तीच नक्षी कॉम्प्युटरवर काढायला शिकवेल, मामांनाही. मुलगा तयार आहे. एका सभासदाच्या ओळखीने कारखान्यातलं मशिन बघायलाही मिळेल. वर्गातल्या अकरा जणांनी तिथल्या तिथे नावं दिली, मुख्याध्यापक सरांचं नाव पहिलं.

कार्यकारिणी म्हणाली, कल्पना उत्तम. पण आठ ही फिरायला जाण्याची वेळ. ते सभासद नाहीत. त्यांना मानधन द्यायचं तर पायंडा पडेल. शेवटी एक सूचना आली आणि सगळ्यांना पटली: मार्चच्या स्नेहमेळाव्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

मला फार राग आला आणि मी तो तिथेच बोलून दाखवला. ही माणसं वाईट नाहीत. पदरचे पैसे घालून त्यांनी केंद्र उभं केलंय, हिशेब चोख ठेवलाय. पण निवृत्त म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पेन्शनवर नीट चाललेला माणूसच येतो. या गावात साठीनंतर वॉचमनकी करणारे, विड्या वळणारे, चहाच्या गाड्यावर कपबशा विसळणारे किती आहेत? त्यांनाही शिकायचं असतं. मामांनी सत्कार मागितलेला नाही, त्यांनी पुढचा तास कधी ते विचारलंय. वर्षभर आम्ही 'आनंदी वार्धक्य' या विषयावर वक्ते आणतो, त्यांना मानधन देतो, गाडी पाठवतो. त्यातल्या एकाही व्याख्यानानंतर लोक अर्धा तास मागे थांबले नव्हते. त्या गुरुवारी थांबले, चहा गार झाला तरी.

मानधनाचं मी सोडणार नाही. इतर शिक्षकांना जे देतो तेच. सभासदत्वाची वर्गणी मुख्याध्यापक सर भरतो म्हणतात, पण ते मला नको आहे. शिकवणाऱ्याकडून आपण वर्गणी घेत नाही, मग यांच्याकडून का?

मामांना मी फोन केला होता. अजून नक्की नाही, हेच सांगावं लागलं. म्हणाले, "असू दे मॅडम. ग्राफचा कागद मिळतो का बघा, मोठ्या चौकटीचा. बारीक आता दिसत नाही." तो नवी पेठेत दोन दुकानांत मिळाला नाही, तिसऱ्यात मिळाला. आणून ठेवलाय.

मजकूर उद्या दुपारपर्यंत छापखान्यात जायला हवा. शनिवारच्या ओळीत मी 'सकाळी ८' लिहिलंय आणि अध्यक्षांना तसं कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की शिपाई नऊच्या आत येत नाही, दार कोण उघडणार? किल्ली माझ्याकडे द्या, असं मी लगेच लिहिलं.