डोळा किती खोल?

माझ्या पिओनीला सहा वर्षं फूल आलं नाही. पिओनी म्हणजे हिवाळ्यात जमीन गोठते अशा थंड हवेतलं, दरवर्षी गड्ड्यातून नव्याने उगवणारं फुलझाड, आणि माझी बागही तशाच हवेत आहे. झाड आजारी नव्हतं. दर वसंतात मातीतून लालसर कोंब वर यायचे, महिन्याभरात गुडघ्याएवढे वाढायचे, पानं अशी गर्द आणि तुकतुकीत की येणारा-जाणारा विचारायचा, हे काय लावलंय. फूल मात्र नाही. पहिली दोन वर्षं मी काही मनावर घेतलं नाही, कारण पिओनी बसायला वेळ घेते हे माहीत होतं. चौथ्या वर्षी खत वाढवलं. पानं आणखी मोठी झाली. पाचव्या वर्षी मोहरीएवढी एक कळी दिसली आणि तिथल्या तिथे तपकिरी होऊन वाळली. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं.

सहाव्या वर्षी, पानगळ सुरू झाल्यावर, ती काढून टाकायची असं ठरवून मी खणायला बसले. खुरप्याने वरची माती बाजूला करत गेले तर डोळे दिसेनात. पिओनीच्या गड्ड्यावर पुढच्या वर्षीचे कोंब आदल्या शरदातच तयार होऊन बसतात, गुलाबी, टोकदार, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांनाच डोळे म्हणायचं. ते सापडले तेव्हा मी पट्टी लावून मोजलं. वर चौदा सेंटीमीटर माती होती. पिओनीच्या डोळ्यांवर तीन ते पाच सेंटीमीटर माती पुरते. त्याहून खोल गेली की ती पानं काढते आणि फुलायचं नाव घेत नाही. मी लावताना मोठ्या झाडाला मोठा खड्डा म्हणून खोल खणलं होतं, आणि वर दरवर्षी कंपोस्टचा थर देत गेले होते. म्हणजे लाडाने तिला आणखी पुरत गेले.

गड्डा उचलला, खाली माती भरून घट्ट केली, पाणी सोडून ती खाली बसू दिली आणि मग डोळे वर येतील असा तो पुन्हा ठेवला. त्यानंतर दोन वर्षांनी पहिलं फूल आलं. ते उमललं तेव्हा मी सकाळचा चहा घेऊन त्याच्यासमोर दगडावर बसले होते आणि किती वेळ बसले ते आठवत नाही.

तेव्हापासून माझी बागेची वही बदलली. आधी त्यात फुलांचे रंग आणि उंची असायची. आता प्रत्येक झाडाच्या पानावर सगळ्यात वर मी त्याचं जमिनीखालचं चित्र काढते. गड्डा आहे, आडवा कंद आहे, तंतुमुळांचा झुबका आहे की सोटमूळ आहे? माझ्या वाफ्यातल्या बहुतेक बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणाऱ्या, झाडांचं वरचं सगळं हिवाळ्यात मरतं. पानं, देठ, फुलं, काही उरत नाही. जे दहा-वीस वर्षं जगतं ते खाली असतं. पिओनी तर नीट बसली तर पन्नास वर्षंही एकाच जागी फुलते. मग आपली काळजी कुठे पोचायला हवी हे उघड आहे, पण मला ते कळायला पट्टी आणि चौदा सेंटीमीटर लागले.

आयरिसचं नेमकं उलट आहे. मला पहिला आयरिस शेजारच्या आजींनी दिला. आल्याच्या कुडीसारखे आडवे कंद, त्यांना वर पंख्यासारखी पानं. मी ते व्यवस्थित मातीत झाकले. दुसऱ्या दिवशी आजी कुंपणापाशी आल्या, खाली वाकल्या आणि बोटांनी माती उकरायला लागल्या. ‘अगं, त्याची पाठ उन्हात राहू दे. मुळं तेवढी खाली,’ त्या म्हणाल्या. दाढीवाल्या आयरिसचा, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो त्याचा, कंद अर्धा उघडा राहिला पाहिजे. झाकला तर कुजतो, आणि ती कूज नाकाला आधी कळते. कंद बोटाने दाबला की आत जातो आणि असा वास सुटतो की विसरता येत नाही. कुजलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापून काढायचा, कापलेली बाजू एक-दोन दिवस कोरडी होऊ द्यायची, मगच पुन्हा लावायचं.

आयरिसला तीन-चार वर्षांनी फोडावंच लागतं. कंद दरवर्षी पुढे पुढे सरकतो, जुना मधला भाग रिकामा आणि म्हातारा होतो आणि कडेचेच तुकडे फुलतात. फुलं संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी, भर उन्हाळ्यात, मी सगळा ठोंब बागेच्या काट्याने, म्हणजे दाते असलेल्या फावड्याने, उचलते. मधलं टाकून देते. कडेचे रसरशीत कंद, एकेका पंख्यासकट, वेगळे करते आणि पानं वीतभर ठेवून कापते, नाहीतर नवीन मुळं धरेपर्यंत ती पानं कंदातलं पाणी ओढून घेतात. पंख्याचं तोंड जिकडे, कंद तिकडे वाढणार; हे लावतानाच पाहून ठेवलं तर दोन वर्षांनी ते एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत.

ठोंब फोडण्याच्या कामाला लोक का घाबरतात ते मला समजतं. चांगल्या वाढत्या झाडात फावडं घालायचं म्हणजे हात धजत नाही. पण अ‍ॅस्टर पाहा. चौथ्या वर्षी त्याच्या मधोमध टक्कल पडतं आणि सगळी वाढ कडेला गोल रिंगण धरते. ते झाड तुम्हाला सांगतंय की आता मला मोकळं करा. नवशिक्या माणसाने सुरुवात डेलिलीपासून करावी. तिची मुळं जाड, फुगीर, पाणी साठवणारी असतात, त्यामुळे ती वर्षात जवळजवळ कधीही उचलली तरी तग धरते. दोन काटे पाठीला पाठ लावून ठोंबात घालायचे आणि एकमेकांपासून दूर ढकलायचे, मुळं सुटत जातात. तिचं एकेक फूल फक्त एक दिवस टिकतं. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, ग्रीक भाषेतल्या ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ या दोन शब्दांवरून. पण एका दांड्यावर कळ्या इतक्या असतात की हंगामभर रोज काहीतरी उघडलेलं असतं. घरात मांजर असेल तर मात्र कुठलीच लिली लावू नका, खरी नाही आणि तिच्यासारखी दिसणारी ही डेलिलीही नाही. मांजरांच्या मूत्रपिंडांना ती मारक असते, आणि या एका गोष्टीत मी कोणाचंही काही ऐकून घेत नाही.

ज्यांना हात लावायचा नाही ती झाडंही खालून ओळखता येतात. ल्युपिन आणि बाप्टिशिया सरळ खोल सोटमूळ सोडतात. ते तुटलं की झाड बसत नाही. यांची जागा पहिल्याच दिवशी विचार करून निवडायची आणि मग ती त्यांची.

होस्टा आणि बलून फ्लॉवर ही आणखी एक जात, उशिरा उठणारी. वसंतात बाकीचा वाफा हिरवा झाला तरी यांची जागा मोकळीच दिसते. एकदा मी त्या मोकळ्या जागेत खुरपं घातलं आणि बलून फ्लॉवरचे सगळे कोंब तोडून बसले. तेव्हापासून शरदात, देठ वाळायच्या आधीच, अशा प्रत्येक झाडाशेजारी एक काठी रोवते. ब्लीडिंग हार्टला तर ही काठी भर उन्हाळ्यातच लागते, कारण ते फुलून झालं की पिवळं पडून जमिनीत निघून जातं. ते मेलं असं समजून कितीजणांनी ते खणून फेकलं असेल.

थंडीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. रोप विकत घेताना सगळे विचारतात, हे किती थंडी सोसेल. त्यासाठी नकाशे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने असा नकाशा १९६० साली पहिल्यांदा छापला, सध्याचा २०२३ चा आहे. त्यात १३ पट्टे आहेत, प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा, आणि आधार आहे वर्षातल्या सर्वांत कमी तापमानाची अनेक वर्षांची सरासरी. उपयोगी आहे, मी वापरते. पण माझ्या वहीत हिवाळ्यात मेलेल्या झाडांची जी यादी आहे, तिच्यातली बहुतेक थंडीने गेलेली नाहीत. पाण्याने गेलीत. झोपलेला गड्डा पाणी पीत नाही. चिकणमातीत साचलेलं पाणी त्याच्याभोवती तसंच राहतं, हवा मिळत नाही, आणि वसंतात तुम्ही हात घालता तर हाती लगदा येतो. तीच झाडं मी वीतभर उंच केलेल्या वाफ्यात, कंपोस्ट घालून भुसभुशीत केलेल्या मातीत लावली, तेव्हा त्याच थंडीत मजेत राहिली. निचरा तपासायची माझी पद्धत साधी आहे. हातभर खोल खड्डा, पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर तिथे गड्डेवाली झाडं लावायची नाहीत.

दुसरा घात करते ती गोठण्या-वितळण्याची ये-जा. माती गोठली की फुगते आणि नव्याने लावलेलं रोप, ज्याची मुळं अजून पसरलेली नाहीत, वर ढकललं जातं. वितळली की माती खाली बसते, रोप वरच राहतं. असं चार-सहा वेळा झालं की मुळं उघड्यावर वाऱ्यात वाळतात. वाळक्या पानांचं आच्छादन यासाठी असतं. मी बरीच वर्षं ते ऊब द्यायला म्हणून थंडी पडायच्या आधीच घालत होते. ते जमीन एकदा गोठल्यावर घालायचं, म्हणजे ती गोठलेलीच राहते. आणि गड्ड्याच्या डोक्यावर ढीग करायचा नाही, भोवती घालायचं. पिओनीला तर ही थंडी हवीच असते. कित्येक आठवडे गारवा मिळाल्याशिवाय तिचे डोळे नीट जागे होत नाहीत, म्हणून कायम उबदार हवेत ती फुलत नाही.

वरच्या भागाबद्दल मी कमी लिहितेय, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी, कळ्या धरायच्या आधी, सीडम, उंच अ‍ॅस्टर आणि फ्लॉक्स यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापा. शेंडा गेला की त्याच्याकडून खाली येणारा, बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवणारा संप्रेरकाचा पुरवठा थांबतो आणि प्रत्येक देठाला दोन-चार फांद्या फुटतात. फुलं दोन-तीन आठवडे उशिरा येतात, आकाराने थोडी लहान, पण झाड काठीशिवाय उभं राहतं. इंग्लंडमध्ये या छाटणीला चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाचं नाव पडलंय, कारण ते मे महिन्यात, याच सुमाराला भरतं. मी निम्मेच देठ कापते, मागचे तसेच ठेवते, म्हणजे एकाच झाडावर बहर दोनदा मिळतो. शेवंतीचे शेंडे तर अर्धा उन्हाळा सरेपर्यंत खुडत राहायचे. शेवंती बहुवर्षायू आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण ती बहुतेक वेळा फुललेलीच विकत घेतली जाते. त्या वेळी तिची सगळी ताकद फुलात असते, मुळं धरायला ती हिवाळ्याआधी वेळच मिळवू शकत नाही. वसंतात लहान रोप लावा, मग बघा.

फ्लॉक्सवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, येते. वसंतात प्रत्येक ठोंबाचे पाच-सहा जोमदार देठ ठेवून बाकीचे मुळाशी कापले, हवा खेळती ठेवली आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घातलं, की माझ्याकडे ती निम्म्याहून कमी झाली. जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळ कार्ल फॉर्स्टर (१८७४ ते १९७०) यांनी आयुष्यभर फ्लॉक्स आणि डेल्फिनियमच्या नव्या जाती तयार केल्या, आणि त्यांचा आग्रह काटक, टिकाऊ झाडांवर होता. त्यांच्या नावाचं एक उंच, ताठ गवत माझ्या वाफ्याच्या मागे उभं आहे. बर्फ अंगावर घेऊनही ते सरळ राहतं, आणि मी ते थंडी सरता सरता, नवी पाती फुटायच्या आधी कापते. एकिनेशियाची वाळलेली बोंडंही तशीच ठेवते, पाखरं बी खायला येतात. शरदात मी सगळं साफ करत नाही. फक्त पिओनीचे देठ जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकते, कारण कळ्या काळ्या करणारी बुरशी त्या देठांवर हिवाळा काढते.

आजी गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं घर विकलं गेलं, बाग राहिली नाही. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या नातीचा फोन आला. तिला थोडी जमीन मिळाली होती आणि तिने विचारलं, आजीचा आयरिस तुमच्याकडे अजून आहे का? आहे. सहा वेळा फोडलेला, वाफ्याची सगळी दक्षिण बाजू भरून. तिला सात पंखे दिले.

गेल्या आठवड्यात ती पिओनीसाठी आली. देठ आधीच कापून ठेवले होते. आम्ही दोघींनी चहूबाजूंनी लांबून खणलं, गड्डा उचलला, माती धुतली आणि तो सावलीत दोन तास पडू दिला, कारण ताजी मुळं काचेसारखी मोडतात, जराशी सुकली की वाकतात. मग पुसलेल्या सुरीने, डोळे मोजत मोजत कापलं. एका तुकड्याला पाच डोळे आले, एकाला चार, एकाला तीन. पाच डोळ्यांचा मी तिला दिला. ओल्या फडक्यात गुंडाळला आणि चिठ्ठी बांधली: डोळे वर. त्यांच्यावर तीन सेंटीमीटर माती, पट्टीने मोज. खत नको. दोन वर्षं थांब.