उणे सातवर मारलेली काट

चोडण, रविवार, रात्री साडेनऊ

दुपारच्या फेरीबोटीने रायबंदरहून भाचा आला तो अकरावीची वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कारण मांडवीवरच्या या वाऱ्यात छत्रीचा कोणालाच उपयोग होत नाही. चाचणीत एका उदाहरणाचे गुण गेले होते आणि ते का गेले, हे त्याला उमगत नव्हते. उदाहरण साधे होते: पाया २ घेतल्यास लॉग (१ − क्ष) = ३, तर क्ष किती? लॉग म्हणजे पायाचा कितवा घात घेतला की कंसातली संख्या येते, तो घातांक; २ चा तिसरा घात ८, म्हणून त्याने १ − क्ष = ८ येथपर्यंत बिनचूक आणले, क्ष = −७ असे उत्तरही काढले आणि मग त्यावर काट मारून खाली लिहिले, ‘उकल नाही’. काट का मारली, असे विचारल्यावर तो म्हणाला, “मामा, तुम्हीच मे महिन्यात सांगितले होते ना, लॉगच्या उदाहरणात ऋण उत्तर आले की ते सोडून द्यायचे?”

सांगितले होते खरे. शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी इतकी वर्षे हेच सांगत आलो आहे.

क्षच्या जागी −७ घातल्यास कंसात ८ येतात, आणि पाया २ असता ८ चा लॉग ३ असतो. लॉग घेताना अट कंसातल्या संपूर्ण राशीने धन असण्याची आहे; एकट्या क्षने धन असलेच पाहिजे, असे कोणीही म्हटलेले नाही.

मग बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या सोप्यात बसून माझा नियम मुळात आला कोठून, ते त्याला दाखवले. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १, पाया १०. बेरजेचा नियम लावला की लॉग क्ष(क्ष − ३) = १, म्हणजे क्ष² − ३क्ष − १० = ०, आणि समीकरणाची मुळे, म्हणजे क्षच्या किमती, ५ व −२. जुन्या लॉग टेबलात ५ चा लॉग ०.६९९० आणि २ चा ०.३०१०, बेरीज बरोबर १. आता −२ घेऊन पाहावे, तर मूळ समीकरणात −२ आणि −५ यांचे लॉग घ्यावे लागतात, आणि वास्तव संख्यांत ते अस्तित्वातच नाहीत. मात्र −२ आणि −५ यांचा गुणाकार १० आहे. दोन्ही राशी धन असतील तरच बेरजेचा नियम लागतो. पण एकदा गुणाकार झाला की उण्याला उणे झाकते आणि नको असलेले मूळ सभ्य चेहऱ्याने आत येते. स्कॉटिश गणिती नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगचे पहिले कोष्टक छापले आणि इंग्लिश गणिती ब्रिग्ज यांनी १६१७ मध्ये पाया १० घेऊन पहिल्या हजार संख्यांचे, तेव्हापासून ही कोष्टके धन संख्यांचीच आहेत. आकडेमोडीत ऋण संख्या आली तर चिन्ह बाजूला लिहून ठेवायचे, अशीच आम्हालाही सवय होती.

हे त्याला लगेच पटले. खरा वेळ गेला तो पुढच्या उदाहरणावर. पाया २, लॉग क्ष² = ६. त्याने सवयीने घातांक पुढे आणला, २ लॉग क्ष = ६, म्हणून क्ष = ८, आणि वही मिटू लागला. मी म्हटले, −८ चा वर्ग किती? तो थबकला. घातांक पुढे आणताना क्षच्या केवल मूल्याचा, म्हणजे चिन्ह सोडून उरणाऱ्या संख्येचा, लॉग लिहायला हवा होता. ते न केल्यामुळे एक खरे मूळ वाटेतच सांडले. मला हा दोष पहिल्यापेक्षा अधिक वाईट वाटतो. आगंतुक मूळ समीकरणात घालून पाहिले की पकडता येते, पण हरवलेले मूळ कागदावरच नसते, मग ताळा घेणार कशाचा? म्हणून प्रत्येक लॉगच्या कंसाची अट पहिल्या ओळीत लिहायची आणि नियम नंतर लावायचा, असे आमचे ठरले.

सहाच्या सुमारास तो गेला. नंतर मी शिकवणीची जुनी वही काढून लॉगची सगळी उदाहरणे वाचली. प्रत्येकात कोठे ना कोठे एकटा लॉग क्ष होताच, त्यामुळे क्ष धन असणे आपोआप भाग पडत होते आणि माझा नियम कधी चुकला नाही. ती उदाहरणे माझीच निवड होती.