चार नंबरची वाकडी स्टिक

जुलैत आमच्या सावंतवाडीत भिंतींना घाम फुटतो. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, दारं चौकटीत अडकतात आणि मोती तलावाजवळच्या पूल पार्लरमधल्या, म्हणजे टेबलावर बॉल मारायच्या खेळाच्या जागेतल्या, स्टिक वाकतात. मी सुतार, वाढलो चितारआळीत, लाकडी फळं-खेळण्यांच्या रंगाच्या वासात. त्यामुळे त्या स्टिकच्या टोकावरच्या टिप बदलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

भाचा कुडाळात नोकरीला आहे. यंदाच्या बोनसमधून त्याने नऊ हजारांचा क्यू, म्हणजे स्वतःची स्टिक घेतली, मेपल लाकडाची, मधे जोड असलेली. मी डोळ्याशी धरून टोकापर्यंत नजर टाकली. एकदम सरळ. पण रविवारी खेळायला गेलो, तर टेबलाच्या खिशासमोरचा सोपा बॉल त्याचा दोनदा चुकला.

"मामानू, टिप कडक वाटता," तो म्हणाला.

मी टेबल रिकामं केलं आणि फक्त पांढरा बॉल ठेवला. टेबलाच्या समोरच्या कडेच्या गादीवर सरळ मारायचा, तो परत येऊन टिपेला लागला पाहिजे. दहा वेळा. त्याच्या क्यूने दहाही वेळा बॉल उजवीकडे आला, साधारण वीतभर बाजूला. मग भिंतीवरची चार नंबरची वाकडी स्टिक दिली. तिने एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, एकदा नेमका टिपेवर, पुन्हा डावीकडे, असं दहा वेळा.

मला जे सांगायचं आहे ते या दोन दहांमध्ये आहे. वाकडी स्टिक हातात जराशी फिरली की तिचा वाक दुसऱ्या बाजूला जातो, आणि चूक दर वेळी नवी होते. शिकणाऱ्याला कळणार कसं, की हात चुकला की लाकूड? सरळ क्यूवर चूक एकाच जागी होते. भाचा पांढऱ्याच्या मध्यापासून किंचित उजवीकडे मारत होता, म्हणून बॉलला फिरकी मिळून तो गादीवरून उजवीकडे निघत होता. कारण कोपर. मारताना ते अंगापासून बाहेर जात होतं.

"म्हणजे क्यू सरळ आसा मा?"

"सरळ आसा. म्हणानच तुझी चूक दिसली."

पण त्यासाठी नऊ हजार लागत नाहीत. दीड हजारांची सरळ स्टिकही हेच दाखवते, तिची टिप नीट असेल तर. टिप म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरचा चामड्याचा तुकडा. मार खाऊन ती चपटी होते, कडा बाहेर फुगतात, माथ्यावर काचेसारखी चमक येते. मग टिप घसरू नये म्हणून लावायचा चॉक ती धरत नाही आणि ऐन फटक्याला टिप बॉलवरून सटकते. मी जुनी टिप ब्लेडने काढतो, बूड पॉलिश पेपरवर सपाट घासतो, नवी चिकटवून रात्रभर दाबून ठेवतो. सकाळी कडा सोलून माथ्याला नाण्याच्या कडेइतकी गोलाई देतो. महागड्या लाकडावर मेलेली टिप पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

क्यूचं महत्त्व कमी करायचं नाही मला. स्नूकर या पूलसारख्याच खेळातल्या स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ मधली सातही जागतिक विजेतेपदं एकाच क्यूवर जिंकली. २००३ साली विमानप्रवासात तो क्यू मोडला. इतक्या वर्षांत हाताला एकाच लाकडाचं वजन, एकाच फटक्याचा कंप ठाऊक झालेला असतो. तो माणूस किती हळहळला असेल! तरी २००५ मध्ये दुसऱ्या क्यूने त्याने स्नूकरची माल्टा कप स्पर्धा जिंकलीच. हात त्याचाच होता.

पार्लरमधले जुने खेळाडू वाकड्या स्टिकनेही जिंकतात, ते मी जवळून पाहिलं आहे. ते आधी स्टिक फिरवून वाक कुठे आहे ते बघतात आणि वाकाचं पोट खाली ठेवून ती धरतात. मग टोक फार तर वर-खाली चुकतं, डावी-उजवीकडे जात नाही. पण हे ज्याचं कोपर आधीच सरळ आहे त्याने करावं. पोरांना ती स्टिक देऊ नये, असं मी मालकाला दोनदा सांगितलंय.

भाच्याला मी रोज पन्नास वेळा तोच पांढरा मारायला लावलाय. परवाच्या रविवारी दहातले चार टिपेला लागले. उरलेले सहा उजवीकडेच, पण आता चार बोटांवर.