सायकलच्या सीटचा कल कसा ठरवावा

अर्धा-पाऊण तास सायकल चालवल्यावर बूड दुखू लागले, की बहुतेकजण जाड, गुबगुबीत सीटच्या शोधाला लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की नवी सीट घेण्याआधी असलेल्या सीटचा कल तपासावा, कारण सीटचे पुढचे टोक किती वर किंवा किती खाली आहे यावर अंगाचा भार नेमका कुठे पडणार हे ठरते, आणि तो कल साध्या पान्ह्याने काही मिनिटांत बदलता येतो.

आपण नीट बसतो तेव्हा भार कटीच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर यायला हवा. सीटचे टोक वर उचललेले असेल, तर हाच भार मांड्यांमधल्या नाजूक भागावर आणि तिथून जाणाऱ्या नसांवर सरकतो. तो भाग बधिर होऊ लागतो, आणि दाब चुकवण्यासाठी नकळत कटी मागे झुकवल्यामुळे पाठीला बाक येऊन कंबर भरून येते. टोक फार खाली असेल, तर माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला मागे रेटत राहण्याचे काम दोन्ही हातांवर पडते. तळहाताच्या मुळाशी असलेली नस त्यामुळे दाबली जाते आणि करंगळी व अनामिकेला मुंग्या येतात. मनगटे, खांदे आणि मानही हळूहळू तक्रार करू लागतात. हाताला मुंग्या आल्या म्हणून जाड हातमोजे घेणाऱ्याने आधी सीटकडे पाहावे, हे मी आग्रहाने सांगतो, कारण हाताच्या दुखण्याचे मूळ सीटमध्ये असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

सुरुवात समतल सीटपासून करावी. सायकल सपाट जमिनीवर उभी करावी, पण ती जमीन खरोखर सपाट आहे का हे आधी स्पिरिट लेव्हल (आत बुडबुडा असलेली, सपाटी तपासायची पट्टी) ठेवून पाहावे, नाहीतर पुढचे सगळे माप फुकट जाते. मग सीटवर लांबीच्या दिशेने एखादी सरळ फळी किंवा पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक ठेवावे आणि त्यावर लेव्हल ठेवून बुडबुडा मध्यावर आणावा. साधारण २७ सेंमी लांबीच्या सीटवर १ अंशाचा फरक म्हणजे दोन्ही टोकांच्या उंचीत जेमतेम ५ मिमीचा फरक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, अंगाला मात्र लगेच कळतो. सीटची मागची बाजू उंच आणि मधला भाग खोलगट असेल, तर फळी दोन उंच टोकांवर टेकते आणि माप फसवे येते. अशा वेळी आपण प्रत्यक्ष ज्या भागावर बसतो तो भाग आणि त्याच्या पुढचा भाग समतल धरावा. तिथून टोक १ ते ३ अंश खाली केल्यावर अनेकांना बरे वाटते, विशेषतः हँडल खाली असून पुढे वाकून चालवायची सवय असेल तर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतींतही ९ अंशांपर्यंतचा कल चालतो, पण रोजच्या चालवण्यात तेवढी उतरण ठेवली तर हातांचे हाल होतात.

एक गोष्ट मात्र रिकाम्या सायकलीवर कळतच नाही. मागे स्प्रिंग असलेली सीट माणूस बसताच मागच्या बाजूने दबते आणि टोक वर येते. चामड्याची सीट मधे ताणून खाली जाते. मागच्या चाकाला सस्पेन्शन असेल तर सायकलचा मागचा भागच खाली बसतो. त्यामुळे सायकल भिंतीला टेकवून, नेहमीचे कपडे घालून, हात हँडलवर ठेवून बसावे आणि दुसऱ्या कुणालातरी बाजूने पाहायला किंवा फोटो काढायला सांगावे. जो कल सांभाळायचा, तो हा.

आता बोल्टांकडे वळू. सीटखालच्या दोन सळ्या सीटपोस्टच्या, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसवलेली असते त्याच्या, माथ्यावरच्या पकडीत बसतात. एकच बोल्ट असलेल्या बऱ्याच पकडींत बारीक दाते असतात, म्हणून बोल्ट इतका सैल करावा की दाते एकमेकांतून पूर्ण सुटतील. अर्धवट सैल करून सीट जबरदस्तीने वाकवली तर दाते झिजतात आणि पुढे प्रत्येक खड्ड्याला सीट खाली कलते. पुढे-मागे असे दोन बोल्ट असतील, तर टोक खाली आणण्यासाठी मागचा थोडा सैल करून पुढचा आवळावा. या रचनेत अर्ध्या अंशाचा बदलही साधतो, म्हणून मला ती सर्वांत आवडते. जुन्या धाटणीच्या सायकलींत पकडीच्या दोन्ही बाजूंना नट असतात; ते दोन्ही सारखेच आवळावेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि आधीची जागा पेन्सिलने खुणावून ठेवावी. टोक खाली गेले की सीटचा मागचा भाग किंचित वर येतो, त्यामुळे उंची पुन्हा पाहावी. सीट गरजेपेक्षा उंच असेल तर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलते आणि त्या घासण्याचा दोष विनाकारण कलाला दिला जातो. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासून आवळावेत.

समतल ते ३ अंश उतार एवढ्या टप्प्यात सगळे करून पाहिल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर सीटची रुंदी आपल्या बैठकीच्या हाडांमधल्या अंतराला जुळते का आणि हँडल फार लांब तर नाही ना, हे पाहावे, कारण हँडल लांब असले की माणूस कोणत्याही कलाच्या सीटवर टोकाकडेच सरकतो. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा रेंगाळत असेल, तर चालवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.