अल्ट्रासॉनिक अ‍ॅनिमोमीटर अपडेट : झिरो ड्रिफ्ट आटोक्यात आला

वाऱ्याचा वेग मोजायच्या सेटअपमध्ये झिरो, म्हणजे वारा नसतानाचं रीडिंग, आता जागेवर बसायला लागलाय. कोड जवळपास तोच आहे. सगळा फरक पडला तो ट्रान्सड्यूसरला (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणारा छोटा डबा) ड्राइव्ह कसं करायचं आणि ऐकताना त्याच्यावर लोड किती ठेवायचा यामुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेटअप थोडक्यात: ४० किलोहर्ट्झचे दोन १६ मिमी ओपन टाइप ट्रान्सड्यूसर समोरासमोर, मध्ये २० सेंमी. आधी इकडून तिकडे पल्स, मग तिकडून इकडे. वाऱ्याच्या दिशेने आवाज लवकर पोचतो, उलट दिशेने उशिरा. दोन्ही वेळांचे व्यस्त काढून वजाबाकी केली की आवाजाचा वेग समीकरणातून उडतो आणि फक्त वारा उरतो, बेरीज केली तर आवाजाचा वेग मिळतो आणि त्यावरून तापमानाचा अंदाज. कागदावर फार देखणं आहे हे. पण आकडे बघा. २० अंशाला आवाज ३४३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे आपल्या अंतराला साधारण ५८३ मायक्रोसेकंद, आणि १ मीटर प्रति सेकंद वाऱ्याने दोन दिशांमधला फरक पडतो फक्त ३.४ मायक्रोसेकंद. ४० किलोहर्ट्झचं एक सायकलच २५ मायक्रोसेकंदांचं असतं, तेव्हा ०.१ मीटर प्रति सेकंदाची झुळूक पकडायची तर सायकलच्या साधारण सत्तराव्या भागापर्यंत जावं लागतं. टायमर तेवढा बारीक सहज मिळतो, खरी अडचण ट्रान्सड्यूसरची.

हा डबा आतून कसा असतो ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. पीझेडटीची (व्होल्टेज दिलं की आकार बदलणारं सिरॅमिक) चकती नुसती जाडीत कंपवायची म्हटली तर ४० किलोहर्ट्झला ती साधारण ५ सेंमी जाड लागेल, कारण त्या सिरॅमिकमध्ये आवाज ४००० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास पळतो आणि अर्धी वेव्हलेंग्थ तेवढी येते. शिवाय सिरॅमिकचा अकूस्टिक इम्पीडन्स, म्हणजे आवाजाला होणारा विरोध, ३ कोटी रेलच्या (त्याचं एकक) आसपास आणि हवेचा जेमतेम ४१३, त्यामुळे सरळ ढकलून हवेत जवळजवळ काहीच जात नाही. म्हणून पातळ चकती धातूच्या पत्र्यावर चिकटवतात, व्होल्टेज दिलं की दोन्ही मिळून वाकतात, आणि वर एक छोटा शंकू बसवलेला असतो जो हवेला पकडतो. क्लीनिंग टँकखाली लावतात त्या लाँजव्हँ टाइपमध्ये हाच जाडीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय, पातळ सिरॅमिक रिंगा दोन धातूंच्या ठोकळ्यांमध्ये बोल्टने आवळायच्या आणि अर्धी वेव्हलेंग्थ धातूकडून भरून घ्यायची. मूळ कल्पना पॉल लाँजव्हँची, पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झ आणि स्टील वापरून केलेली. मला ती रचना अजूनही फार सुंदर वाटते.

असो, आपल्या डब्याकडे. याचा क्यू, म्हणजे रेझोनन्स (स्वतःची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी) किती टोकदार त्याचं माप, साधारण ३० धरा. झोपाळ्यासारखं आहे, एका धक्क्यात पूर्ण उंची येत नाही, इथे दहाएक सायकल गेल्यावर कुठे ६३ टक्के अँप्लिट्यूड येतो, आणि पाठवणारा आणि ऐकणारा दोघेही असेच संथ, त्यामुळे स्कोपवर पल्सची सुरुवात कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून मी फेज बघतो, म्हणजे आलेली लहर सायकलच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते. पण रेझोनन्सजवळ फेज अतिशय चटकन फिरतो: रेझोनन्स नुसता १०० हर्ट्झने सरकला तरी फेज साडेआठ अंश, म्हणजे ०.६ मायक्रोसेकंद. हा एकाच दिशेच्या मापात शिरला तर ०.१७ मीटर प्रति सेकंदाचा खोटा वारा तयार! आणि उन्हात डबा तापला की रेझोनन्स सरकतोच.

आता मुद्दा. ट्रान्सड्यूसरला दोन रेझोनन्स असतात. इलेक्ट्रिकल इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) सगळ्यात कमी होतो तो सिरीज, सगळ्यात जास्त होतो तो पॅरलल. माझ्याकडच्या एकाचे स्वीपमध्ये (फ्रिक्वेन्सी हळूहळू बदलत मोजताना) ३९.९ आणि ४१.२ किलोहर्ट्झ आले. लो इम्पीडन्स ड्रायव्हरवर तो सिरीजला वाजतो, हाय इम्पीडन्स अँप्लिफायरला जोडला की पॅरललच्या बाजूला ऐकतो. म्हणूनच टी (पाठवणारा) आणि आर (ऐकणारा) असे वेगळे पार्ट बनवतात. पण अ‍ॅनिमोमीटरमध्ये प्रत्येकाने दोन्ही कामं करायची, मग पाठवताना तो एक वस्तू आणि ऐकताना दुसरीच, आणि दोन पीस कधीच हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे जाताना आणि येताना फेज वेगळा पडतो आणि तापमानाबरोबर तो फरक हलत राहतो.

उपाय रेसिप्रॉसिटीत, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी सिग्नल तोच राहण्याच्या गुणधर्मात आहे. दोन्ही टोकांना पाठवताना आणि ऐकताना इलेक्ट्रिकल इम्पीडन्स तोच ठेवला तर स्थिर हवेत दोन्ही दिशांचा सिग्नल सारखाच येतो, ट्रान्सड्यूसर एकमेकांपासून कितीही वेगळे असले तरी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसत नव्हता. सर्किट मात्र साधं निघालं. ड्रायव्हर आणि ट्रान्सड्यूसरच्या मध्ये ३३० ओहम. ऐकताना ड्रायव्हरचं आउटपुट लो धरून ठेवायचं, म्हणजे तोच रेझिस्टर ग्राउंडकडे लोड म्हणून उरतो, वेगळा स्विच नकोच. अँप्लिफायर १० किलोओहम आणि उलटसुलट डायोडमधून. सिग्नल बराच खाली येतो, गेन वाढवावा लागला, पण बंद खोक्यात हेअर ड्रायरने एकाच ट्रान्सड्यूसरला तापवलं तरी झिरो ०.०३ मीटर प्रति सेकंदाच्या आत राहतोय, आधी तो ०.३ पर्यंत भटकायचा. दोन्ही वेव्हफॉर्म एकावर एक ठेवले की एकच रेघ दिसते.

माउंटिंगबद्दल एवढंच की ट्रान्सड्यूसर मऊ सिलिकॉनच्या रिंगमध्येच बसवा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधून आवाज हवेच्या कितीतरी आधी पोचतो आणि खऱ्या पल्सच्या खाली मिसळतो. दोन पल्समध्ये थोडं थांबायचं, कारण समोरासमोरच्या तोंडांमध्ये एको फिरत राहतो.

अजून सुटलेलं नाही ते सायकल स्लिप. जोराचा झोत आला की फेज पूर्ण सायकल ओलांडतो आणि एन्व्हलप (पल्सचा बाहेरचा आकार) इतका गोलसर की कुठलं सायकल ते नक्की ठरत नाही. सध्या मागच्या रीडिंगवरून ट्रॅक करतोय, पण झोत एकदम आला तर चुकतं. शिवाय १६ मिमीचे डबे स्वतःच वारा अडवतात, वारा सरळ लाइनीत असला की रीडिंग कमी येतं. १० मिमीचे लावले तर अंतराशी गुणोत्तर साडेबाराचं वीस होईल, ते पुढच्या फ्रेमला करतोय, काटकोनात दुसरी जोडीही तेव्हाच. पावसासाठी पार्किंग सेन्सरवाले बंद डबे आहेत, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीचा तळच कंप पावतो, पण ते आणखी नॅरोबँड (फ्रिक्वेन्सीच्या अगदी अरुंद पट्ट्यातच चालणारे) आणि सिग्नल कमी. त्यांच्यावर रेसिप्रोकल ड्राइव्ह कोणी करून बघितला असेल तर रेझिस्टर किती ठेवलात आणि सिग्नल किती उरला ते नक्की सांगा.